अडचणीचा दुसरा अर्थ

त्या यंत्राला 'अडचण' हा शब्द मी शिकवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की छबूनं स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं.

मी डोंबळवाडीच्या माध्यमिक शाळेत सेविका. पोरं मावशी म्हणतात. घंटा द्यायची, मुलींच्या बाथरूमची चावी सांभाळायची, प्रार्थनेत चक्कर येऊन पडली एखादी तर तिला लिंबू-साखर पाजायची, ही माझी कामं. माझं शिक्षण चौथी. आई गेली तेव्हा माझा भाऊ दत्ता दीड वर्षाचा. त्याला कडेवर घेऊन वर्गात बसू देईनात, म्हणून शाळा सुटली. वाचता येतं मला, लिहायला बसलं की बोटं दुखतात.

दोन हजार एक्केचाळीस साली शाळेत 'सांगायची खोली' आली. तालुक्यातल्या सगळ्याच माध्यमिक शाळांत आली. आठवीपासून जीवनशिक्षणाचा तास सक्तीचा झाला होता. त्यात शरीर, मन, घरातली माणसं, वयात येणं, सगळं होतं. लवटे मॅडम शिकवायच्या चांगलं. पण वर्गात चाळीस पोरं बसलेली असताना पोटातलं कोण विचारणार? म्हणून जिन्याखालची एक खोली रिकामी करून त्यात ते यंत्र बसवलं. दिसायला गोदरेजचं छोटं कपाट असावं तसं. तोंड नाही, डोळे नाहीत. वर एक हिरवा दिवा आणि खाली एक खण. पोरीनं आत जायचं, दार ओढून घ्यायचं आणि बोलायचं. ते बाईच्या आवाजात उत्तर द्यायचं. मुलांसाठी वेगळे तास होते, वेगळा आवाज होता.

पुण्याहून मिथिला नावाची पोरगी आली होती यंत्र बसवायला. केस कापलेली, पण बोलायला गोड. तिनं मला समजेल असं सांगितलं.

"मावशी, ह्याला दोन कान आहेत असं समजा. एका कानानं हे शब्द ऐकतं. दुसऱ्या कानानं नुसता आवाज. श्वास कुठं अडकला, शब्द घशात किती वेळ थांबला, आवाज कितीदा कापला, ते मोजतं. मग दोन्ही जुळवून बघतं, की पोरीला नुसती माहिती पाहिजे, की धीर पाहिजे, की ती धोक्यात आहे. धोका दिसला तर तालुक्याच्या बाल संरक्षणवाल्यांना लगेच खूण जाते, आणि ती पोरीचीच तक्रार धरतात. बाकी एक शब्द पेटीबाहेर जात नाही. हेडसरांनाही नाही."

"मग खूण कुणामुळं गेली ते तरी कळतं का?"

"तेवढंच कळतं. कोण आणि कशासाठी."

यंत्र हुशार, पण मराठी शहरातली शिकून आलेलं. पहिल्याच आठवड्यात आठवीतली एक पोर आजीच्या भाषेत म्हणाली, "मला कावळा शिवलाय." यंत्रानं तिला विचारलं, चोच लागली का? रक्त आलं का? आणि दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घे म्हणून सांगितलं. पोर रडत बाहेर आली. मी हसून हसून पायरीवर बसले.

मग मिथिलानं गावोगावच्या सात बायका जमवल्या. त्यांना नाव दिलं शब्ददात्या. मी त्यातली एक. शाळेच्या वाचनालयात आम्हाला बसवलं आणि विचारलं, तुमच्याकडं पाळीला काय काय म्हणतात? पहिला अर्धा तास नुसता पदर तोंडाला. मग मीच म्हणलं, "अगं, अडचण म्हणतात. सरळ हाय की. घरात अडचण हाय म्हणलं की माणूस पुढचं विचारत न्हाई. पूजेचं आमंत्रण घेऊन आलेला उंबऱ्यातनंच माघारी जातो."

"ह्या शब्दाचा दुसरा अर्थ?" मिथिलानं विचारलं.

"पुस्तकात असंल. आमच्या बायकांच्या तोंडात न्हाई."

साती जणींनी मान हलवली. मिथिला म्हणाली, सातांचं एकमत म्हणजे पक्कं, शंभरात नव्व्याण्णव. माझ्याच आवाजात ते यंत्रात भरलं. मी घरी आले ती मिरवत. चौथी शिकलेल्या बाईनं यंत्राला शिकवलं, कमी आहे का?

आणि खरंच, फरक पडला. पोरी महिन्यातले चार दिवस घरी बसायच्या बंद झाल्या. आत जायचं, 'मला अडचण आहे' म्हणायचं, की खणातनं पाकीट बाहेर. शिवाय पोट दुखत असलं तर काय करायचं, काय खायचं, कपडा कसा धुवायचा, सगळं यंत्र सांगायचं. दर सोमवारी खण मीच भरायची. पाळीचं बोलताना पोरींचा आवाज कापतो, हेही ते हळूहळू शिकलं. म्हणजे झालं काय, की 'अडचण' म्हणताना एखादीचा आवाज कापला, तरी त्या दुसऱ्या कानाला त्यात काही वावगं वाटेना. उलट खात्रीच पटायची, की हो, हे तेच.

त्या वर्षी थंडीत शेजारच्या गावातली नववीतली पोरगी खोलीत जाऊन म्हणाली, माझं लग्न लावतायत. दोन तासांत गाडी तिच्या दारात. लग्न थांबलं, बापाची पोलिसात वारी झाली. त्या दिवसापासून सगळ्या पंचक्रोशीला कळलं, की ह्या यंत्राला एक शब्द ऐकू येतो आणि तो आहे 'लग्न'. मग आयांनी पोरींना शपथा घालायला सुरुवात केली. त्या खोलीत तो शब्द काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. मला हे ठाऊक होतं. गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. चुलीपाशी बोलायचो आम्ही, आणि तिथंच सोडून द्यायचो.

संक्रांतीच्या सुमाराला दत्ता आला. दोन कोसांवर राहतो तो, डाळिंबाची बाग आहे. चहा घेता घेता म्हणाला, "आक्का, ओंकारसाठी एक जागा बघितलीय. तुझ्याच शाळेतली. पल्लवीची ईश्वरी. कशी हाय पोरगी?"

ओंकार माझा भाचा, सव्वीसचा. ईश्वरी नववीत. वर्गात पुढच्या बाकावर, हस्ताक्षर मोत्यासारखं, बोलणं कमी. तिची आई पल्लवीही ह्याच शाळेत होती. तिचंही लग्न दहावीच्या आधीच झालं, घंटा मीच देत होते तेव्हा.

"पोरगी सोन्यासारखी हाय," मी म्हणलं. "पण दत्ता, पंधराची हाय ती."

"मला काय आज करायचंय? बोलणी करून ठिवायची. तिची अठरा झाली की बघू. चांगली जागा दुसऱ्यानं नेली तर?"

"अठरा झाल्यावर. बघ हं."

"आक्का, तुझ्या शब्दाबाहेर कधी गेलोय मी?"

मला बरं वाटलं. लहानपणी त्याला कडेवर घेऊन हिंडलेली बाई मी, त्यानं विचारलं ह्यातच मी खूश. जास्त काही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

मार्चमध्ये खण लवकर रिकामा व्हायला लागला. कोण किती नेतं ते यंत्र सांगत नाही, पण मला पोरींच्या वाऱ्या पाठ आहेत. एका दुपारी मधल्या सुट्टीत ईश्वरीचं दप्तर जिन्यावरनं घरंगळलं आणि त्यातनं तीन पाकिटं बाहेर पडली. बांधलेली, न उघडलेली.

मी चिडले. "काय गं, दुकान काढायचंय का? बाकीच्या पोरींनी काय करायचं?"

"मला नको होती मावशी. ती देते."

"मागितल्याबिगर देत न्हाई ती."

"मी मागितलंच न्हाई." तिनं पाकिटं गोळा केली, एकावर एक नीट रचली. "मी नुसतं म्हणलं, अडचण आहे."

"मग? अडचण म्हणल्यावर देणारच की!"

ती माझ्याकडं बघत राहिली. आपल्या पोटची असती तर मी तेव्हाच ओळखलं असतं, असं मी नंतर स्वतःला सांगून बघितलं. पण खरं ते हे, की मला ओळखायचं नव्हतं.

"अडचण म्हणजे अडचण, मावशी," ती म्हणाली. "घरात अडचण आहे असं म्हणलं मी. तिनं पाकीट दिलं. दुसऱ्यांदा विचारलं, ही अडचण पुढं ढकलता येईल का, परीक्षा होईस्तोवर तरी? ती म्हणाली, त्यासाठी गोळ्या असतात, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नको. आणि परत पाकीट दिलं. तिसऱ्यांदा मी रडले. तिनं पाकीट दिलं आणि पोट शेकायला सांगितलं."

माझा हात जिन्याच्या कठड्यावर होता. तो तिथंच राहिला.

"कसली अडचण हाय तुझी? सरळ सांग की मला."

"तो शब्द काढायचा न्हाई. मम्मीनं शपथ घातलीय." मग थोडं थांबून तिनं विचारलं, अगदी साधं, वर्गात शंका विचारावी तसं, "तुम्हाला मावशीच म्हणायचं, का आता आत्या म्हणायला लागायचं?"

"कधी?"

"पुढच्या रविवारी. सोमवारी भूमितीचा पेपर आहे."

"आत जा. आत्ताच्या आत्ता जा आणि शब्द फिरवून नीट सांग तिला."

"तीनदा सांगितलं की मावशी." तिनं दप्तराची चेन लावली. "आता न्हाई सांगणार. तिला कळत न्हाई आणि मला सांगता येत न्हाई."

घंटा झाली, मीच द्यायची होती, शिपाईदादानं दिली.

शाळेच्या मागं जाऊन मी दत्ताला फोन लावला. "अठरा म्हणला होतास तू."

"आक्का, पोरीच्या बापाला घाई हाय. आणि तीन वर्षं थांबलो तर आपला ओंकार एकोणतीसचा होईल."

"ती रडतीया दत्ता."

"लग्नात पोरी रडत्यातच. तू रडली न्हाईस?"

रडले होते. चौदाची होते मी. दत्ता तेव्हा सहाचा, माझ्या पदराला धरून गाडीमागं पळत आला होता. दोघंही रडत होतो, आणि सगळे हसत होते.

"तू मधी पडू नको," तो म्हणाला. "तू पोरगी चांगली हाय म्हणलीस, म्हणूनच तर ठरवलं आम्ही." आणि फोन ठेवला.

मी लवटे मॅडमकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं. "नाव न सांगता फोन केला तर माणसं येतात हो मावशी, पण घरचे सांगतात, वाढदिवस आहे, कुलदैवताला आलोय. पोरगी गप्प. गाडी परत. गेल्या महिन्यात दोनदा झालं असं. पोरीचा स्वतःचा शब्द लागतो."

"दिलाय की तिनं शब्द. तीनदा. त्या पेटीत हाय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि मिथिलाला फोन लावला.

मिथिलानं पलीकडून आधी नीट विचारून घेतलं, कोणता शब्द, कितीदा. मग म्हणाली, "पेटीत सगळं आहे मावशी. शब्दाला दुसरा अर्थ जोडला की यंत्र जुनं बोलणं आपोआप परत ऐकतं, नव्या अर्थानं. पण अर्थ जोडायचा तर ज्यांनी पहिला दिला त्यांनीच यायला लागतं, स्वतःच्या आवाजात. आणि कारण सांगायला लागतं. ते कारण, नावासकट, सगळ्या शाळांच्या फळ्यावर लागतं. शब्दाशी कुणी गुपचूप खेळू नये म्हणून नियम आहे तो."

"फळ्यावर म्हणजे दत्ताला कळणार."

"सगळ्यांनाच कळणार, मावशी."

मला आईबाप नाहीत. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मूलबाळ नाही. दिवाळीला भाऊबीज, पंचमीला माहेर, आजारी पडले तर चटणी-भाकरी घेऊन येणारं माणूस, हे सगळं मिळून एक दत्ता. मी खोलीच्या दाराशी उभी राहिले. मी आत गेले आणि दार ओढलं.

हिरवा दिवा लागला. "नमस्कार, छबूताई."

"अडचण," मी म्हणलं. "त्या शब्दाचं चुकलं माझं. त्याला दुसरा अर्थ हाय."

"सांगा."

मला सांगता येईना. किती सोपं असायला पाहिजे होतं. "अडचण म्हणजे," मी म्हणलं, "जे पोरीला तोंडानं सांगता येत न्हाई ते. कुणी हात लावतंय. कुणी मारतंय. बाप पितोय. लग्न लावतायत. जे जे सांगायची बंदी हाय ते सगळं पोरी त्या एकाच शब्दात घालत्यात, कारण त्या शब्दाला कुणी बंदी घातली न्हाई."

"दोन अर्थ वेगळे कसे ओळखायचे?"

मी विचार केला. चाळीस वर्षं मी हा शब्द ऐकतेय, घरात, विहिरीवर, शाळेत. कितीदा ऐकून मान वळवली असेल.

"ओळखू नको," मी म्हणलं. "विचार. अडचण हाय म्हणली की विचार, कसली गं? आणि मग गप बस. ती बोलेस्तोवर गप बस, किती का वेळ लागंना. पाकीट नंतर दे."

"कारण सांगा."

"माझ्या भावाच्या घरात लग्न हाय. पोरगी पंधराची हाय. पोरगी चांगली म्हणून मीच सांगितलं होतं. छबू, सेविका, डोंबळवाडी."

दिवा पिवळा झाला. यंत्र म्हणालं, "जुनं बोलणं पुन्हा ऐकत आहे." मी बसून राहिले. आपल्याला ऐकू काहीच येत नाही, पण मला वाटत होतं त्या पेटीत बारीक बारीक पोरी एकामागनं एक बोलतायत. चार मिनिटं गेली. मग दिवा परत हिरवा झाला. "या शाळेतून एक खूण पाठवली आहे."

संध्याकाळी मिथिलाचा फोन आला. आवाज बसलेला. "मावशी, सगळ्या तालुक्यात मिळून एकोणतीस."

"एकोणतीस काय?"

"पोरी."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"अठरा जणी अजून शाळेत येतायत. माणसं निघालीयेत त्यांच्याकडं."

"आणि बाकीच्या अकरा?"

"त्यांची नावं पटावरनं गेलीयेत, मावशी. कुणाची दिवाळीला, कुणाची संक्रांतीला. आम्ही शोधतोय." मग ती पोर रडायला लागली आणि मी तिला उगी उगी म्हणत राहिले. काय बोलणार? त्या अकरा जणींनी आत येऊन सांगितलं होतं, आणि माझ्या शब्दावर त्यांना एकेक पाकीट मिळालं होतं. त्या पाकीट घेऊन गेल्या.

फळ्यावर कागद दुसऱ्या दिवशी लागला. शनिवारपर्यंत गावातल्या दोन बायकांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं, आणि एकीनं दळण घेऊन जाता जाता माझा हात दाबला होता, काही न बोलता. दत्तानं ठिकाण बदललं. पण यंत्राची खूण गेली होती, आणि बाल संरक्षणच्या मोहितेबाई काही नवीन नव्हत्या, नवं ठिकाण त्यांनी शोधून काढलं. रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही डोंगराजवळच्या देवळात पोचलो. मॅडम, मोहितेबाई, दोन पोलीस आणि मी. मला येऊ नका म्हणत होत्या. मीच आले. दुसऱ्याच्या आडून करायचं नव्हतं.

दत्ता फेटा बांधून उभा होता. मला बघून आधी हसला, सवयीनं. मग मागची माणसं दिसली.

"आक्का, तू?"

"व्हय. मी."

"फळ्यावरचं खरं मग. मी म्हणलं लोक चावट हायत." त्याच्या ओठांचा कोपरा थरथरत होता, लहानपणी पडला की व्हायचा तसा. "एवढं करायचं व्हतं तर मला चार थोबाडीत द्यायच्यास. ऐकलं असतं मी."

"फोन केला व्हता, दत्ता."

त्यानं फेटा सोडला, हातावर गुंडाळला. "माझी बहीण मेली आज," म्हणाला आणि गाभाऱ्याच्या मागं निघून गेला.

ओंकार मुंडावळ्या हातात घेऊन आला. "आत्या, ती हो म्हणाली होती."

"तुला म्हणाली?"

"तिच्या पप्पांनी सांगितलं." आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. मान खाली घालून पायरीवर बसला.

मोहितेबाई ईश्वरीपाशी गेल्या. हळदीनं पिवळी झालेली पोर, तिच्या मापाचं नसलेलं पोलकं. त्यांनी कागद काढला नाही, नाव विचारलं नाही. शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "कसली गं अडचण?" आणि गप्प बसल्या. बराच वेळ गेला. मग ईश्वरी बोलायला लागली, आणि थांबेना.

तिला तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहात ठेवायचं ठरलं, परीक्षेचा निकाल लागेपर्यंत तरी. गाडीत बसताना तिनं मला एकच सांगितलं, "भूमितीचं पुस्तक आणि कंपास घरी आहे."

संध्याकाळच्या आत मी पल्लवीच्या दारात गेले. मांडव अर्धा सोडलेला. तिचा नवरा चौकीवर होता. ती ओट्यावर बसलेली, अंगावर नवं लुगडं तसंच.

"आलीस? बघायला आलीस?" ती म्हणाली. "गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस. तुला पोरबाळ न्हाई, तुला काय कळतंय? हात लावून बघ माझ्या उंबऱ्याला."

मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले. "शिव्या दे. ऐकते. पण पोरीचं पुस्तक दे आधी. सकाळी साडेदहाला पेपर हाय."

तिनं अजून दिल्या. मनापासून दिल्या. माझ्या मेलेल्या नवऱ्यालाही सोडलं नाही. मग दम लागला तशी आत गेली. मला वाटलं दार लावून घेईल. पण आली ती दप्तर घेऊन. पुस्तक, कंपास, दोन पेनं, इस्त्री केलेला गणवेश, रिबिनी. एवढ्या थोड्या वेळात भरून होत नाही एवढं सगळं. कधी भरलं होतं मी विचारलं नाही.

दप्तर तिनं माझ्या हातात दिलं नाही, ओट्याच्या कडेला ठेवलं आणि तोंड फिरवलं.

"पेपरच्या दिवशी तिच्या घशाखाली काही उतरत न्हाई," ती म्हणाली. "उपाशीच जाती आणि मग डोकं धरून बसती. सकाळी तू जा तिकडं. दूध-चपाती तरी बळंच चार."

"चारते," मी म्हणलं.